फाईलवर टांगलेला लाल टॅग

बातमी सुमनबाईंच्या आवाजात आली. सकाळचे साडेदहा वाजले असतील. मी ऑफिसात हजेरीचा तक्ता जुळवत बसले होते. सुमनबाई आमच्याच कारखान्यात, खाली जोडणीच्या लाइनवर काम करतात. त्या मेसेज टाइप करत नाहीत, बोलून पाठवतात आणि बहुतेक वेळा ते रजेबद्दल असतं, म्हणून मी मोबाईल कानाशी धरून दुसऱ्या हाताने काम चालूच ठेवलं. "पोरी, आपल्या लिमये मॅडम गेल्या गं. पाटंच गेल्या. म्हनलं, तुला कुनी सांगितलं का न्हाई..." एवढंच. पुढची पंधरा-वीस सेकंदं नुसता लाइनचा आवाज होता, स्क्रू बसवणाऱ्या गनची टर्र... टर्र... मेसेज बंद करायचं त्या विसरल्या असाव्यात, किंवा पुढे काय म्हणायचं ते सुचलं नसावं. मी तो शेवटपर्यंत ऐकला. मग टेबलाचा खालचा खण उघडला, आतली फाईल आणि तिच्यावरचा लाल टॅग जागेवर आहे एवढं पाहिलं आणि खण लावून टाकला. मला लोकांसमोर रडता येत नाही आणि ऑफिसात लोक होते.

उषा लिमये आमच्या क्वालिटी विभागाच्या प्रमुख. नगरच्या एमआयडीसीत दुचाकीच्या दिव्यांचे सुटे भाग बनवणारा आमचा कारखाना. तिथे त्यांनी एकतीस वर्षं काढली, मार्चअखेर निवृत्त झाल्या आणि सहा महिन्यांतच गेल्या. त्यांच्याबरोबर वीस-पंचवीस वर्षं काम केलेली माणसं इथे आहेत. माझी त्यांची ओळख दोन वर्षांचीसुद्धा नाही. तरी हे मी लिहिते आहे, कारण त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात जे घडलं त्याची सुरुवात माझ्या चुकीने झाली होती, आणि ती चूक त्यांनी कधी एकट्या माझी म्हणू दिली नाही.

माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. घरी मराठीच बोलतो, पण आकडे अजूनही माझ्या मनात आधी इंग्रजीत येतात. एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद या तिघांपाशी मी हमखास अडखळते. एच.आर. विभागात लागले त्या पहिल्याच आठवड्यात मॅडमनी खालून फोन करून विचारलं, आज कामावर किती जण? मी म्हटलं, "सॉरी मॅडम, टू सिक्स्टी नाइन." "म्हणजे किती?" मी पुन्हा, "सॉरी." दुपारी त्या जिना चढून वर आल्या. बारीक अंगाच्या, सुती साडी, वर क्वालिटीचा पांढरा कोट, कोटाच्या खिशात जाडी मोजायचं व्हर्नियर. वर येताना जिन्याच्या वळणावर थांबून त्या नोटीसबोर्ड वाचत. रोज वाचत. त्यावर रोज नवीन काही नसे, हे मला फार उशिरा लक्षात आलं. माझ्या टेबलावर त्यांनी एक छापील तक्ता ठेवला. खराब निघालेले भाग मोजताना मारतात तशा त्यावर रेघा मारल्या होत्या, चार उभ्या आणि पाचवी आडवी. "हे काय आहे, मॅडम?" "तुझे सॉरी. सकाळपासूनच्या फोनांवर अकरा झाले. मी दोषांचा हिशेब ठेवते ना, म्हणून मोजले. यात चूक एकाही ठिकाणी नाही."

त्यांच्या दोन सवयी सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. एक म्हणजे, दिवसाचं पहिलं माप घेण्याआधी त्या मोजण्याचं साधन तपासत. व्हर्नियर पुसायचं, पक्क्या मापाच्या प्रमाण ठोकळ्यावर लावून बघायचं, मगच कामाला हात. हे काम त्यांनी कधी कुणावर सोपवलं नाही. दुसरी सवय लाल टॅगची. कुठल्याही मालाबद्दल शंका आली की त्या ट्रेला दोऱ्याने लाल टॅग बांधत. त्यावर तारीख, कारण आणि सही. तो टॅग बांधला की तो माल जागचा हलत नाही. गिऱ्हाईक दारात उभं असो, प्रॉडक्शनचे लोक डोकं आपटोत. टॅग काढायचा अधिकार फक्त क्वालिटीचा.

गेल्या जानेवारीत आमच्या एका परदेशी ग्राहकाकडून एक प्रश्नावली आली. तुमच्याकडे सारख्या कामासाठी बायकांना आणि पुरुषांना सारखा पगार मिळतो का, आणि मिळत असेल तर संख्याशास्त्रीय चाचणी करून दाखवा. एच.आर. मॅनेजर साळुंके सरांनी ती माझ्याकडे सरकवली. "कॉम्प्युटरवर करून टाक. आणि लिमये मॅडमना आकडेवारीतलं कळतं, त्यांची तपासनीस म्हणून सही घे." सर वाईट माणूस नाहीत. त्यांना काम वेळेत संपलेलं हवं असतं.

मॅडमनी पद्धत मला एका कागदावर समजावली. जोडणीच्या लाइनवर बारा बायका. प्रत्येकीसाठी तेच काम करणारा आणि तितकीच वर्षं झालेला एक पुरुष शोधायचा. अशा बारा जोड्या झाल्या. जोडीत बाईचा पगार कमी आहे की जास्त, एवढंच बघायचं. कंपनी बाई-पुरुष बघत नसेल, तर कधी हा जास्त, कधी ती जास्त, नाणं उडवल्यासारखं व्हायला हवं. बाराच्या बारा वेळा एकच बाजू पडत असेल, तर नाण्यात काहीतरी आहे. ओव्हरटाइमचे पैसे त्यांनी मोजणीतून काढायला लावले, कारण संध्याकाळची शेवटची एसटी गाठायची म्हणून बायका थांबतच नाहीत. थांबलेल्या माणसाला जास्त मिळालं तर तो भेदभाव म्हणता येत नाही. हे कॅन्टीनमध्ये कळलं तेव्हा सुमनबाईंनी ताट बाजूला सारलं. "मॅडम, तुमी नक्की आमच्या का मालकाच्या?"

"मी मोजपट्टीची," मॅडम म्हणाल्या.

"मोजपट्टीला भाकर लागत न्हाई. आमाला लागती."

बायका हसल्या. मॅडमही हसल्या, पण ओव्हरटाइम काही परत घातला नाही.

मी माझ्या संगणकातून कामावर रुजू झाल्याची तारीख घेतली, जोड्या लावल्या. सात जोड्यांत बाईचा पगार कमी, पाच जोड्यांत जास्त. म्हणजे नाणं सरळ. मी अहवालात लिहिलं, फरक नाही. मॅडमनी ते खोडून वर लिहिलं, 'फरक दिसला नाही.' म्हणाल्या, "आपण पाहिलं आणि आपल्याला दिसलं नाही, एवढंच आपण म्हणू शकतो. नाही म्हणायला आपण कोण?" आणि खाली सही केली. साळुंके सर खूश झाले. मंगळवारी ग्राहकाच्या लोकांशी व्हिडिओ कॉल होता, त्याआधी अहवाल पाठवायचा ठरला.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मॅडमनी बायकांना निकाल सांगितला. लपवून ठेवणं त्यांना जमत नसे. मीही बरोबर होते, हातात जोड्यांचा कागद घेऊन. कुणी डबा पुसत होतं, कुणी पाणी पीत होतं. ती शांतता मला सहन होईना, म्हणून मी कागदावरचं वाचून दाखवायला लागले. "सुमनबाई, आता तुमची चार वर्षं झाली, आणि ज्यांच्याशी तुमची जोडी लावली त्या..."

"कुनाची चार?"

"तुमची."

"माझी धाकटी पोटात हुती तवा मी या लाइनला लागले. ती आता आठवीत हाय." त्या माझ्याकडे बघत होत्या, रागाने नाही, मी वेडी आहे की काय अशा नजरेने. "तुमच्या कॉम्प्युटरला बारकं पोर कोनतं, आठवीतली पोर कोनती, समजतंय का न्हाई?"

मॅडमचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. मला आधी काही कळलं नाही. मग कळलं. या बायका कित्येक वर्षं कंत्राटदारामार्फत कामाला होत्या, मागाहून कायम झाल्या. संगणकात तारीख होती ती कायम झाल्याची. पुरुष बहुतेक आयटीआयमधून थेट घेतलेले, त्यांची तारीख खरी. चौदा वर्षं काम केलेल्या बाईची जोडी मी चारच वर्षं नोकरी झालेल्या मुलाशी लावली होती. तिला त्या मुलाइतका पगार मिळतो हे पाहून आम्ही दोघींनी लिहून दिलं होतं की फरक दिसला नाही.

"सॉरी," मी म्हटलं. मॅडमनी या वेळी रेघ मारली नाही. कप खाली ठेवला. "रोज सकाळी मी माझं व्हर्नियर तपासते," त्या हळू म्हणाल्या. "तुझी तारखांची पट्टी मी तपासलीच नाही. वरून सही केली."

त्या तशाच उठून जिना चढल्या. वळणावर नोटीसबोर्ड वाचायला थांबल्या, पुन्हा चढल्या. साळुंके सरांच्या टेबलावर ती फाईल होती. मॅडमनी कोटाच्या खिशातून लाल टॅग काढला, तारीख घातली, कारणाच्या जागी 'वर्षे चुकीची' असं लिहिलं, सही केली आणि फाईलच्या दोरीला टॅग बांधला.

सर बघत राहिले. "मॅडम, हा काय मालाचा ट्रे आहे का?"

"माझी सही आहे ना त्यावर? मग मालच."

"मंगळवारी कॉल आहे. पाठवला नाही तर ऑर्डरवर येईल. आणि वर्षं चुकीची हे कशावरून? बायका म्हणतात म्हणून? कंत्राटदार गेला, त्याची रजिस्टरं गेली. पुरावा आणा, मी स्वतः कारखान्याच्या मोठ्या साहेबांपुढे ठेवतो. सोमवारी तीन वाजता. नाहीतर टॅग काढा."

त्या शनिवारी मला घरी जेवण गेलं नाही. आईने विचारलं, काय झालं? काही नाही म्हटलं. मी घरी फारसं सांगत नाही. रविवारी सकाळी मॅडमचा फोन. "ऋता, खंडेनवमीचे फोटो!"

आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी मशीनची पूजा होते. मशीन धुऊन-पुसून, हळद-कुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून प्रत्येक लाइनचा वेगळा फोटो काढतात. पुढे पाटी धरलेली असते, तिच्यावर लाइनचं नाव आणि साल. पेढ्याच्या पुड्याबरोबर ज्याला त्याला फोटोची एक प्रत मिळते. पूजेच्या वेळी तू कायम का कंत्राटी, असं कुणी कुणाला विचारत नाही. मॅडम म्हणाल्या, "रजिस्टर गेलं असेल. फोटो कोण टाकतं?"

सोमवारी पाथर्डी रोडच्या बसमधून बायका उतरल्या तेव्हा त्यांच्या पिशव्यांत फोटो होते. कुणी ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून आणले होते, एकीने तर देव्हाऱ्याशेजारचा फोटो फ्रेमसकट खिळ्यावरून काढून आणला होता. सुट्टीत कॅन्टीनच्या टेबलांवर आम्ही ते सालाप्रमाणे मांडले. टेबलावर बायका हळूहळू तरुण होत गेल्या. "ही मंदा बघा, कशी बारीक हुती!" "आता दळणाच्या पोत्यावानी दिसती." "तू गप गं, तुझा तर टिकलीएवढा अंबाडा राहिलाय." मी वर्षं लिहीत होते. मॅडम जोड्या नव्याने लावत होत्या. जोड्या संपल्या तेव्हा त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. बारापैकी अकरा जोड्यांत बाईचा पगार कमी होता.

"आता नाणं," मॅडम म्हणाल्या. सुमनबाईंना वाटलं चिंचोके चालतील, त्यांच्याकडे अर्धे केलेले होते, खेळायचे. मॅडमनी एक उडवून पाहिला, मान हलवली. "हा एकाच कुशीवर जास्त पडतो. नको." मग त्यांनी आपला पोळ्यांचा गोल स्टीलचा डबा रिकामा केला आणि त्यात रुपयाची बारा नाणी टाकली. झाकण लावून खळखळवायचं, टेबलावर ओतायचं, काटा किती ते मोजायचं. काटा म्हणजे बाईला कमी. एकेक बाई डबा हलवत होती, मी मोजत होते, मॅडम रेघा मारत होत्या. सहा. पाच. सात. सहा. आठ. "पोरी, मराठीत बोल गं, सेवन काय सेवन!" चार. सहा. शंभर वेळा ओतला. पोळ्या कुणी खाल्ल्या ते मला आठवत नाही. काट्याला नऊ कधीमधी आले, दहा दोनदा आले. अकरा एकदाही नाही.

मी फोटो गोळा करत असताना सुमनबाईंनी मला बाजूला ओढलं. "मधल्या दोन साली मी फटूत न्हाई. लागोपाठ." मी पाहिलं होतं. नियम असा की वर्षभर खंड पडला तर आधीची नोकरी धरत नाहीत. म्हणजे त्या दोन फोटोंमुळे त्यांची आधीची सगळी वर्षं जाणार होती. "कुठे होतात?" मी विचारलं. त्या इकडेतिकडे बघून कुजबुजल्या. "कामावर हुते की. पाळी आल्ती, म्हनून पूजेला उभी ऱ्हायले न्हाई. दोन्ही साली तसंच झालं, दुसऱ्या साली दिवस मागं-पुढं... कॅन्टीनच्या मागं बसून शेंगा सोलल्या. पर त्या साहेबाला सांगू नगंस हां. लाज वाटती. आनि तसंच त्या मंदाचं बी हाय." मी हो म्हटलं. शब्द दिला, आणि तीन वाजायला वीस मिनिटं होती.

कारखान्याच्या प्रमुखांच्या खोलीत आम्ही चौघं. साहेब, साळुंके सर, मॅडम आणि मी. मॅडम बोलल्या, न थांबता, पण प्रत्येक दोन-तीन वाक्यांनंतर श्वास घेत. जोड्या, नाणी, शंभरपैकी एकदाही नाही. साहेबांनी फोटो एकेक करून उचलले, आपलाच जुना फोटो पाहून किंचित हसले. मला वाटलं, झालं. मग साळुंके सरांनी दोन फोटो शेजारी ठेवले. "या दोन सालांत सुमन नाही. या सालात मंदा नाही. कंत्राटी बायका मधेच सोडून जायच्या, परत यायच्या, हे आपल्याला माहीत आहे. खंड आहे. मग वर्षं कशी धरायची? आणि दोघींची वर्षं गेली तर जोड्या बदलतात, मॅडम. तुमचंच गणित."

गणित बरोबर होतं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कारण माहीत होतं का, हे मी कधी विचारलं नाही. त्यांच्यासारख्या घरातल्या, त्यांच्या वयाच्या बाईने, दोन पुरुषांसमोर ते म्हणणं... आणि मी सुमनबाईंना शब्द दिला होता. भिंतीवर गेल्या खंडेनवमीचा ऑफिसचा फोटो लावलेला होता. त्यात सर होते, साहेब होते, अकाउंट्समधले सगळे, चहा देणारे काकासुद्धा होते.

"त्या फोटोत मी नाहीये, सर," मी म्हटलं. "पण मी त्या दिवशी कामावर होते. तुमच्या समोरच्याच टेबलावर. हजेरीत आहे, पगारही मिळाला."

सरांनी वळून फोटो पाहिला. "मग फोटोत का नाहीस?"

"पाळी होती."

मी समोरच्या पेपरवेटकडे बघत राहिले आणि उरलेलं त्यालाच सांगितलं. "इथे पाळी असली की बायका पूजेला उभ्या राहत नाहीत. फोटोत नसणं म्हणजे कामावर नसणं असं धरलं, तर माझाही खंड पडला. आणि तारखांची चूक माझी आहे. मी संगणकातली तारीख न तपासता घेतली."

"आम्ही घेतली," मॅडम म्हणाल्या.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ते साळुंके सरांना म्हणाले, "वर्षं धरा." मग थोडं थांबून, "आणि अहवाल नवा करा. असेल ते जाऊ द्या." मंगळवारी अहवाल गेला, त्यात 'फरक दिसतो' असं लिहिलेलं होतं. ऑर्डर हातची गेली नाही. ग्राहकाने एवढंच विचारलं की तुम्ही आता काय करणार.

खोलीतून बाहेर आल्यावर जिन्याच्या वळणावर मॅडम थांबल्या, नोटीसबोर्डाकडे तोंड करून. मला वाटलं त्या काहीतरी मोठं बोलतील. त्यांचा श्वास लागला होता. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "एकदाही सॉरी म्हणाली नाहीस. मी मोजत होते."

जोडणीच्या बारा जणींची वर्षं एप्रिलच्या पगारात धरली गेली. पण त्याआधीच, मार्चमध्ये, पॅकिंगच्या दोघी वर आल्या. त्याही तितक्याच जुन्या, त्याही कंत्राटातून आलेल्या. त्यांच्याकडे फोटो नव्हता. पॅकिंगला मशीन नाही, नुसती टेबलं, चिकटपट्टी आणि वजनकाटा. पूजा करायला काही नाही म्हणून तिथे कधी पूजा झाली नाही, आणि पूजा नाही म्हणून फोटो निघाला नाही. निवृत्तीच्या दिवशी मॅडमनी त्या दोघींची पातळ फाईल मला दिली. अहवालावरून काढलेला तोच टॅग तिला बांधला होता. कारण खोडून नवीन लिहिलं होतं, 'फोटो निघत नाही.' "याच्यावर आता तुझी सही," म्हणाल्या. क्वालिटीच्या टॅगवर एच.आर.ची सही कशी चालेल, असं मी विचारलं नाही. केली.

ऑगस्टमध्ये मी त्यांच्या सावेडीच्या घरी गेले होते. त्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या यजमानांनी, लिमये काकांनी, चहा केला. छातीचा त्रास बराच जुना होता, हे मला काकांकडून कळलं, स्वयंपाकघरात, मॅडमना ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी सांगितलं. पलंगाशेजारी रक्तदाबाचे आकडे मॅडमनी आलेखावर मांडले होते, वर एक रेघ, खाली एक रेघ, मशीनच्या मापांचे मांडतात तसे. तीन ठिपके वरच्या रेघेबाहेर होते. "मशीन जुनं झालं," म्हणाल्या आणि मला हसू येईना तेव्हा स्वतःच हसल्या. मग विचारलं, "त्या दोघींचं काय?"

"अजून नाही झालं."

"टॅग आहे ना?"

"आहे."

पुढच्या रविवारी येते म्हणाले. गेले नाही. आजारी माणसापाशी काय बोलायचं ते मला कळत नाही, आणि त्या दोघींचं काही झालं नव्हतं, ते सांगायला जायचं कसं, असं वाटत राहिलं. मग सप्टेंबरात सुमनबाईंचा तो मेसेज आला.

या वर्षीची खंडेनवमी मॅडम गेल्यानंतर तीन आठवड्यांनी आली. क्वालिटीच्या लॅबमध्ये व्हर्नियर, मायक्रोमीटर, प्रमाण ठोकळे मांडून पूजा झाली. मॅडमचा फोटो लावू या असं कुणीतरी म्हणालं. सुमनबाई म्हणाल्या, "त्यांचा फटू नगं, त्यांची हत्यारं आना." काकांनी स्टीलचा डबा पाठवला होता. आत नाणी तशीच होती, उचलला की खळखळत होता. मी तो घेतला, खणातून लाल टॅगची फाईल घेतली आणि पॅकिंगला गेले. लांबलचक टेबलावर वजनकाटा होता, त्याच्याशेजारी दोन्ही ठेवलं. हळद-कुंकू सुमनबाईंनी लावलं, काट्याला, चिकटपट्टीच्या रिळाला, डब्याच्या झाकणाला. टॅगला लावताना त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान डोलावली. पाटीवर मी मराठीत लिहिलं, पॅकिंग, आणि खाली साल. त्या दोघी मधोमध उभ्या राहिल्या, पदर सारखा करून, श्वास रोखून.

"पोरी, तू का बाजूला?" सुमनबाईंनी हाक मारली. त्या दिवशी माझा दुसरा दिवस होता. निघताना आई म्हणाली होती, आज पूजेपासून लांब राहा. सुमनबाईंनी माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्यांना कळलं, हे मला कळलं. मग त्यांनी मंदाला कोपराने सरकवलं आणि आपल्या शेजारी एका माणसाची जागा केली.

फोटोची प्रत मी त्या दोघींच्या फाईलमध्ये लावली आहे. टॅग अजून काढलेला नाही. फोटोत मी डावीकडून तिसरी आहे.